जुना सीपीयू कचरागाडीत टाकायच्या आधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही विंडोज १० चा सपोर्ट संपल्याबद्दल लेख छापला, माहिती बरोबर होती पण शेवटचं वाक्य वाचून माझा चहा गार झाला. जुना कॉम्प्युटर असेल तर नवीन घेण्याशिवाय पर्याय नाही, असं चक्क लिहिलंय. आता तुमचा पेपर आमच्या रामबागेत किती श्रद्धेने वाचतात ते तुम्हाला सांगायला नको. सोमवारी सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत आली आणि शेजारचे काका बनियनवर, हातात सीपीयू घेऊन फाटकात उभे. आपल्या इंदूरच्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक असे सहा कप्पे असतात त्यात एक इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा, त्यात तो चाललेला. मी गॅलरीतून ओरडले, काका थांबा! गाडीवाला वर बघून म्हणतो, "आंटीजी, डालना है कि नहीं, आगे भी जाना है." तो सीपीयू सध्या आमच्या जिन्याखाली आहे आणि त्याच्यामुळेच हे पत्र लिहायला बसले.

मी काही इंजिनियर नाही. घरूनच मराठी-हिंदी डीटीपी करते, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, तेराव्याची निमंत्रणं, मंडळाच्या स्मरणिका, हेच काम गेली वीसेक वर्षं. माझा डेस्कटॉप २०१६ साली असेंबल करून घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. मशीन ठणठणीत. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते, म्हणजे माझं मशीन यादीच्या बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे फुकटचे अपडेट थांबले, घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर एक वर्ष वाढीव, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण ती झाली मुदतवाढ. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही हो, हे कुणी नीट सांगतच नाही. तो चालतो पहिल्यासारखाच, फक्त नवीन सापडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही. म्हणजे धोका आहे तो मुख्यतः इंटरनेटवर जाण्यात. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे माझी सगळी युक्ती याच्यावर उभी आहे.

भाचा पुण्यात असतो, त्याला फोन केला तर म्हणाला मावशी लिनक्स टाक, फुकट आहे, विषय संपला. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम. विषय कसा संपेल रे बाबा. माझं जुनं मराठी सॉफ्टवेअर डाँगलवर चालतं, म्हणजे यूएसबीला ती पेनड्राइव्हसारखी चावी लावलेली असेल तरच उघडतं, आणि ते फक्त विंडोजवर. पानं जुळवायचं पेजमेकर ७ सुद्धा विंडोजवरच, ते तर २००१ सालचं आणि त्याच्यानंतर पुढची आवृत्ती आलीच नाही, पण आमच्या लाइनमधले लोक अजून त्याच्यावरच बसलेत. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे फॉन्ट. युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, तिच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसती कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची जत्रा दिसते. वीस वर्षांच्या पत्रिका तशा फाइलींमध्ये आहेत. ज्या मुलीची पत्रिका मी केली तिच्या मुलाच्या मुंजीला तेच घर परत येतं, म्हणतं ताई तेच गणपती आणि तीच नावं घ्या, फक्त बदल करा. ते मी लिनक्सवर कुठून काढू?

तर मग भाच्याने डुअल बूट सुचवलं. एकाच मशीनमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम, चालू करताना स्क्रीनवर यादी येते, कुठलीत जायचं ते निवडायचं, एका वेळी एकच चालते, दुसरीत जायचं तर रिस्टार्ट. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना हे समजवायला काय लागतं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, आमचं जन्मापासून डुअल बूटच आहे, फक्त आम्हाला रिस्टार्ट लागत नाही. विंडोज चालू असताना त्याच्याच खिडकीत लिनक्स चालवायचीही सोय असते म्हणे, व्हर्च्युअल मशीन, पण ८ जीबी रॅममध्ये दोघांनी जेवायला बसायचं म्हणजे दोघंही उपाशी. आणि तसं केलं तरी खाली विंडोजच राहणार, इंटरनेटवर तेच जाणार, मग उपयोग काय.

पहिलं काम बॅकअप. हे मी सगळ्यात जोरात सांगते कारण आमच्याकडे बॅकअप म्हणजे डी ड्राइव्हमधून ई ड्राइव्हमध्ये कॉपी. अहो ती एकच डिस्क आहे, तिचे तुकडे पाडून नावं दिलीत, डिस्क गेली की सी डी ई तिघंही एकाच तिरडीवर. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं, दोन रात्री गेल्या. लिनक्सचे बरेच प्रकार असतात, त्यातल्या मिंट २२ ची फाइल मग डाउनलोड केली, तीन जीबीच्या आत-बाहेर असते, आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, मी आधी तेच केलं होतं आणि अर्धा तास बूट होत नाही, म्हणजे मशीन त्याच्यावरून चालूच होत नाही, म्हणून पेनड्राइव्हला शिव्या घातल्या. मिंटच का, तर ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या प्रसिद्ध लिनक्सवर बांधलंय, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, आणि खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू असतो त्यामुळे विंडोजच्या माणसाला परकं वाटत नाही.

लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडली. इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही. साडी घ्यायच्या आधी दुकानातच खांद्यावर टाकून बघतो ना तसं. मी दोन दिवस तसंच चालवलं. वायफाय लागलं, प्रिंटरने पान काढलं, स्कॅनर मात्र एकदा रुसला मग मानला. ज्याला शंका आहे त्याने निदान एवढं तरी करून बघावं.

आता खरी मजा पुढे आहे. लिनक्सला जागा द्यायची तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एखादा ड्राइव्ह आक्रसून घ्यायचा असतो, श्रिंक व्हॉल्यूम म्हणतात. सी वर नव्वद जीबी रिकामी दिसत होती आणि श्रिंक करायला गेले तर तीसच देतो म्हणाला, कारण मध्येच कुठेतरी पेजफाइल, हायबरनेशनची फाइल अशा जागचे न हलणारे पाहुणे बसलेले असतात. म्हटलं बरं, ई मधून घेते. ई ने निमूटपणे ८० जीबी दिले. पेनड्राइव्हवरून बूट केलं, इन्स्टॉल दाबलं, आणि विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करायचा जो पर्याय यायला हवा तो येईचना. हाताने जागा निवडायच्या यादीत गेले तर माझे ८० जीबी दिसतायत खरे पण समोर लिहिलंय 'अनयूजेबल'. वापरता न येण्यासारखे! मला वाटलं डिस्कच गेली. रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी दोन पत्रिकांचं प्रूफ द्यायचं, घाम फुटला हो.

भाच्याने फोटो मागवला आणि हसायलाच लागला. झालेलं असं की जुन्या पद्धतीच्या डिस्कवर, म्हणजे ज्याला एमबीआर म्हणतात, फक्त चार प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य तुकडे, करता येतात, पाचवं नाहीच. माझं मशीन ज्याने असेंबल केलं त्याने विंडोज टाकतानाच सी, डी, ई तिन्ही करून दिलेले, आणि चौथं विंडोज स्वतःच एक छोटंसं लपवून करतं, सिस्टिम रिझर्व्ह्ड. झाले चार. जागा कितीही रिकामी करा, पाचव्याला पाट मांडता येत नाही. नवीन मशीनमध्ये जीपीटी पद्धत असते, तिथे विंडोज १२८ पर्यंत पार्टिशन करू देतं, ही कटकट नाही. म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी आधी विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप करावं, त्यात 'बायोस मोड' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे लेगसी लिहिलंय की यूईएफआय ते कागदावर लिहून ठेवावं. बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, लेगसी ही त्याची जुनी पद्धत आणि यूईएफआय नवी. लेगसी असेल तर बहुधा एमबीआर, यूईएफआय असेल तर जीपीटी. आणि पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये चालू करायचा, बूट मेन्यूत कधीकधी एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय लिहून आणि एकदा नुसता, तो भुताटकीचा प्रकार नाही, ते दोन दरवाजे आहेत. चुकीच्या दारातून गेलं तर लिनक्स टाकलं जातं पण नंतरच्या यादीत विंडोज काही उघडत नाही.

माझ्या केसमध्ये पार्टिशन मोडून परत करण्यापेक्षा भाचा म्हणाला एक छोटी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घे आणि लिनक्सला वेगळं घरच दे. आमच्या ह्यांनी जेल रोडवरून २४० जीबीची आणून दिली. आणि इथे त्याने जी युक्ती सांगितली ती मला सगळ्यात मोलाची वाटते. म्हणाला, इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची वायरच काढून ठेव. मी आयुष्यात पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं. आत दहा वर्षांची धूळ, फॅनला कापसासारखी चिकटलेली, एक वाळलेली पाल आणि एक हळदीकुंकवाच्या पुडीची पिन, ती तिथे कशी गेली देवाला माहीत. डिस्कला दोन वायरी असतात, एक रुंद पॉवरची आणि एक चपटी पातळ डेटाची, त्या पातळ वायरीच्या टोकाला छोटी पत्र्याची क्लिप असते ती दाबून धरून ओढायचं, नुसतं ओढलं तर सॉकेटच उपटून हातात यायचं. बटण बंद, प्लगही काढलेला, तरी हात थरथरत होते. वायर काढली, एसएसडी लावली, आणि मग इन्स्टॉलरला काय पुसायचं ते पुसू दे म्हटलं, 'सगळी डिस्क पुसून टाका' असा पर्यायसुद्धा बिनधास्त दाबला, कारण माझ्या पत्रिका त्याला दिसतच नव्हत्या. वीस मिनिटांत झालं.

नंतर वायर परत लावली, बायोसमध्ये जाऊन एसएसडीला पहिला नंबर दिला, मिंट सुरू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'अपडेट-ग्रब' ही कमांड दिली, तिच्या आधी 'सुडो' लावून, पासवर्ड मागते तेव्हा टाइप करताना एकही टिंब दिसत नाही, त्याला घाबरायचं नाही, आंधळेपणाने टाइप करून एंटर. ग्रब म्हणजे तो सुरुवातीची यादी दाखवणारा द्वारपाल. त्याने जुन्या डिस्कवर जाऊन विंडोज शोधलं आणि पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर दोन्ही नावं एकाखाली एक. मी ह्यांना आणि मामंजींना बोलावून दाखवलं. मामंजी म्हणाले, "यात बघायचं काय आहे?" आता काय सांगणार.

वेगळी डिस्क असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे ग्रब एसएसडीवर बसलंय, जुन्या डिस्कला विंडोजचं स्वतःचं बूट जसंच्या तसं आहे, त्यामुळे उद्या एसएसडी मेली तरी जुनी डिस्क एकटी चालू होते. एकाच डिस्कवर दोघं असले की कधीतरी भांडण होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचा एक सिक्युरिटी अपडेट आला होता त्यानंतर सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त ओळखीच्या सिस्टिमलाच आत सोडणारा पहारा) चालू असलेल्या कितीतरी डुअल बूट मशीनवर लिनक्स उघडेनाच, जगभर बोंब झाली, पक्का इलाज २०२५ च्या मे महिन्यातल्या अपडेटमध्ये आला. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारणारे लोक मला माहीत आहेत.

आता माझी फजिती ऐका. आठवडाभराने एका गिऱ्हाइकाला विंडोजमधून बिल काढून दिलं, त्याने वाचलं आणि म्हणाला, ताई पहाटे ४ वाजून ४२ मिनिटांनी उठून बसता का कामाला? बघते तर खरंच घड्याळ मागे. नीट केलं. दुसऱ्या दिवशी परत मागे. मला वाटलं मदरबोर्डवरचा सेल गेला, परत कॅबिनेट उघडलं, सीआर २०३२ नवा बसवला, परत तेच. वैतागून भाच्याला सांगितलं तर त्याने एकच प्रश्न विचारला, मावशी, फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे का? होता! विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळाला आपली स्थानिक वेळ समजतं, आणि लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं, यूटीसी, आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. म्हणजे लिनक्सने आपल्या पद्धतीने घड्याळ लावून ठेवायचं आणि विंडोजने ते बघून पहाट झाली समजायचं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल नावाची कमांड आहे, तिला लोकल वेळ धर असं एका ओळीत सांगितलं की मिटलं. सेलचे पैसे वाया गेले ते गेलेच, पण आता तो पुढची काही वर्षं बघायला नको.

दुसरी फजिती फास्ट स्टार्टअपची. साखरपुड्याची एक पत्रिका लिनक्समध्ये केलेली, आजीबाईंचं नाव राहिलं होतं ते घालून डी ड्राइव्हमध्ये सेव्ह करायला गेले तर सेव्हच होईना, म्हणे फक्त वाचता येईल. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी उगाच "नेट स्लो है भिया" म्हणून वेळ मारून नेली, नेटचा काही संबंध नव्हता. कारण असं की आपण विंडोज शटडाउन करतो तेव्हा ते पूर्ण बंद होतच नाही, पुढच्या वेळी पटकन उठायचं म्हणून अर्धवट झोपतं, आणि झोपताना ड्राइव्ह मुठीत धरून झोपतं. लिनक्स मग शहाणपणाने त्या ड्राइव्हमध्ये काही लिहीत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढली की झालं, आणि एखाद्या वेळेपुरतं हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन. हेही लक्षात ठेवा की लिनक्सला विंडोजचे ड्राइव्ह दिसतात पण विंडोजला लिनक्सचा दिसत नाही, म्हणून दोघांना लागणाऱ्या फाइली मी डी मध्येच ठेवते.

तिसरी गोष्ट माझ्या मशीनची नाही, जावयांच्या लॅपटॉपची. माझं बघून त्यांनाही हुरूप आला. त्यांचा लॅपटॉप नवा, विंडोज ११ वाला, त्यांनी पेनड्राइव्ह चालावा म्हणून बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि नंतर विंडोज चालू करायला गेले तर निळी स्क्रीन, ४८ आकड्यांची रिकव्हरी की द्या! मुलगी रडवेली, त्यात ऑफिसचं काम. आजकालच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टचं अकाउंट घालून लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरचं कुलूप, आणि बूटच्या सेटिंगला हात लागला की ते किल्ली मागतं. किल्ली त्या अकाउंटमध्ये जपून ठेवलेली असते पण जावयांना ते अकाउंट कुठल्या ईमेलवर काढलंय तेच आठवेना. शेवटी सिक्युअर बूट परत चालू केलं तर बापडं निमूट उघडलं. मग आधी ती किल्ली शोधून काढली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, मी ती पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, गॅसच्या नंबरच्या खाली. म्हणून नव्या लॅपटॉपवाल्यांनो, किल्ली हातात आल्याशिवाय बायोसला हात लावू नका. आणि खरं सांगायचं तर नवा लॅपटॉप धड चालत असेल तर कशाला करताय, माझा मुद्दा जुन्या मशीनचा आहे.

तर सध्याची व्यवस्था अशी. विंडोज १० मध्ये मी नेटवर्कच डिसेबल करून टाकलंय, तिथे फक्त डाँगलवालं सॉफ्टवेअर, पेजमेकर आणि जुन्या फाइली, ते माझं माजघर. इंटरनेट, ईमेल, बँक, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅप सगळं लिनक्समध्ये. चालू केल्यावर काही दाबलं नाही तर आपोआप मिंटच उघडतं, त्यामुळे घरातलं कोणी चुकूनही विंडोजमधून नेटवर जात नाही. मामंजी ८४ वर्षांचे आहेत, रोज सकाळी पोहे खाऊन तुमचा ई-पेपर वाचतात, त्यांना अजून पत्ता नाही की ते लिनक्स वापरतायत. एकदाच म्हणाले, हल्ली कॉम्प्युटर लवकर उघडतो, सर्व्हिसिंग केलीस वाटतं. (ते एसएसडीमुळे हो, पण मी श्रेय घेतलं.)

गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हही मी आता आधी लिनक्समध्ये लावते. आमच्या लाइनमधल्या प्रत्येकाने शॉर्टकट व्हायरस पाहिलाय, पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले आणि खरं फोल्डर लपवलेलं. विंडोजवाला तो व्हायरस लिनक्समध्ये चालत नाही, नुसता फाइल म्हणून पडलेला दिसतो, शेजारी खरं फोल्डरही, कधी लपलेल्या फाइली दाखवायला कंट्रोल आणि एच दाबावं लागतं. खरं ते घ्यायचं, बाकी डिलीट. गिऱ्हाइकाला वाटतं ताईंना जादू येते.

मराठीचं म्हणाल तर नवीन सगळं काम हळूहळू युनिकोडमध्ये आणतेय, लिब्रे ऑफिसमध्ये. टायपिंगची सवय मोडायला त्रास झाला, माझी बोटं जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली, इन्स्क्रिप्ट नावाचा वेगळा कीबोर्ड शिकायला दीड महिना गेला आणि त्या दीड महिन्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पण एक बारीक गोष्ट सांगते जी आपल्यासारख्यांनाच खुपते. पुष्कळशा फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. इंदुरात राहून ते डोळ्यांना इतके सरावलेत की मलाही कळत नव्हतं, एका आजोबांनी पत्रिकेचं प्रूफ परत पाठवलं आणि म्हणाले, हा ल आपला नाही. फॉन्ट चांगला असेल आणि लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तर तो मराठी ल देतो, हिंदीवर ठेवलं तर हिंदी. तसंच 'सुऱ्या' आणि 'सूर्या' मधला तो र, तो नीट येतोय का हे कोणत्याही फॉन्टमध्ये मी पहिल्यांदा टाइप करून बघते.

सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणत नाही. ज्याचं सगळं काम विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर आहे आणि तेही इंटरनेटसकट, हिशेबाचं, डिजिटल सहीचं, त्याने कशाला या फंदात पडावं, त्याने नवीन मशीन घ्यावं. ज्याला फक्त पेपर, व्हिडिओ, ईमेल आणि कधीतरी अर्ज टाइप करायचाय त्याला डुअल बूटचीही गरज नाही, नुसतं लिनक्स पुरे. मधल्यांचं काय? माझ्यासारखे, जुन्या एका गोष्टीला अडकलेले, इंदुरात असे डीटीपीवाले, फोटो स्टुडिओवाले, छोटे दुकानदार किती असतील. त्यातल्या एकाला बाजारातल्या एका दुकानात सांगितलं की आता हे मशीन बेकार, एक्सचेंजमध्ये पाचशे देतो. सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हला पाचशे! मला तर ऐकूनच राग आला.

म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत निदान चार ओळी तरी छापा, की नवीन घेणं हा एक पर्याय आहे, एकमेव नाही. आणि जाता जाता एक स्वार्थाची गोष्ट. तुमच्या छोट्या जाहिराती आणि निधनवार्ता ज्या ईमेलवर मागवता तिथून दोनदा मला उत्तर आलं की मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पाठवा, युनिकोड आमच्या ऑपरेटरला चालत नाही. म्हणजे मी दीड महिना बोटं मोडून युनिकोड शिकले आणि आता तुमच्याकरता परत रिस्टार्ट करून विंडोजमध्ये जायचं, तिथे टाइप करायचं, डी मध्ये ठेवायचं, परत रिस्टार्ट करून लिनक्समध्ये यायचं आणि तिथून पाठवायचं. चार ओळींच्या निधनवार्तेसाठी दोन रिस्टार्ट. तुमच्या ऑपरेटरला माझा नमस्कार सांगा आणि हवं असेल तर मी येऊन दाखवते, पोहे-जिलबी तुमच्याकडून.

काकांचा सीपीयू काल उघडला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, धूळ माझ्यापेक्षा जास्त, पाल नाही. बायोस मोड लेगसी. पार्टिशन मोजले, तीनच आहेत.

आपली नम्र,
एक डीटीपीवाली वाचक
रामबाग, इंदूर